वीतभर ताकदीचं भूत

माझी बायको भुतं लिहिते. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "तुमच्या घरात कधी काही जाणवलं का हो?" जाणवलं ना! एकदा कपाट उघडलं तर आत कोटांच्या मागे बायको बसलेली जाणवली. मी किंचाळलो. ती शांतपणे म्हणाली, "दार लावा. बाहेरचं बोलणं आतून कसं ऐकू येतं ते बघतेय." मी दार लावलं. लग्नाला एवढी वर्षं झाली की माणूस मुकाट्यानं दार लावतो.

सकाळी ती चष्म्याच्या दुकानात काम करते, दुपारी लिहायला बसते. पुस्तकं बऱ्यापैकी खपतात. बिल्डिंगमध्ये तिला सगळे भूतबाई म्हणतात, अगदी तोंडावर, आणि तिला त्याचं भारी कौतुक. तिचा स्वतःचा भुतांवर काडीचा विश्वास नाही. "भूत नसतं," ती म्हणते, "पण घाबरलेला माणूस असतो ना. मी त्याच्याबद्दल लिहिते."

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात 'असंच होतं' हे उत्तर चालत नाही. कसं होतं, कशामुळे होतं, वजन कुठे जातं, हे सांगता आलं पाहिजे. तिच्या पहिल्या पुस्तकातलं भूत भिंतीतून आरपार जायचं आणि मग आरामखुर्चीत बसून झुलायचं. मी वाचलं आणि विचारलं, "भिंतीतून जातंय तर खुर्चीतून खाली का पडत नाही? आणि जमिनीतून थेट खालच्यांच्या स्वयंपाकघरात का उतरत नाही?" बाईसाहेब दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अख्खं पुस्तक पहिल्यापासून लिहायला घेतलं. तेव्हापासून आमच्या घरात भुतांना नियम आहेत, माणसांना नसले तरी.

तिची लिहायची तऱ्हा म्हणजे डोक्याला ताप. आधी घर, मग घरातली माणसं, आणि जागा उरली तर भूत. घर म्हणजे नुसतं 'एक जुनं घर होतं' असं नाही हं. कुठला ड्रॉवर अडकतो, सकाळी पहिल्यांदा कोण उठतं, नळ कोण नीट बंद करत नाही, जेवताना कोण दाराकडे पाठ करून बसतं, हे सगळं तिला पाठ असतं. कित्येक दिवस ती त्या न बांधलेल्या घरात नुसती राहते. मी आपल्या खऱ्या घरात हाका मारत असतो आणि ही तिकडच्या जिन्यात उभी. मग भुताची पाळी. त्याला काय येतं हे ती ठरवतच नाही. काय येत नाही, ते आधी ठरवते. हे बोलू शकत नाही, ते उंबरा ओलांडू शकत नाही, अमक्याला उचलायची ताकद नाही. असं एकेक काढून घेत जाते. शेवटी बिचाऱ्या भुताकडे जे काही उरतं, त्यावर पुस्तक उभं करायचं. प्रकाशक मागे लागला होता की जरा रक्तबिक्त येऊ द्या. ही म्हणाली, "रक्त स्वस्त असतं. भूत जेवढं दुबळं, तेवढी भीती मोठी."

आणि प्रत्येक नियम घरात करून बघायचा! मला पलंगाखाली झोपवून झालंय. स्वतः डोळ्यांना पट्टी बांधून जिना उतरून झालंय. शेजारीण तेव्हा भाजी घेऊन वर येत होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण एक होतं, कपाटाचा तो प्रकार सोडला तर जे काही करायची ते सांगून करायची. म्हणून मला नंतर जे कळलं ते स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

आमची आई आमच्याकडेच असते. उभा जन्म तिनं शिलाईच्या मशीनवर काढला. नजर अशी की तुम्ही दारात उभे राहिलात तर ती आधी सांगणार, डावी बाही अर्धं बोट लांब आहे, मग या बसा म्हणणार. तिची कात्री, खडू, टेप, सगळं आपापल्या जागेवर. अंधारातही हात घातला तर तेच हाताला लागलं पाहिजे. बायकोचं आणि तिचं छान जमतं. दोघी मिळून मला नावं ठेवतात, मग का नाही जमणार?

तर नवं पुस्तक. यावेळच्या भुताची ताकद तिनं ठरवली ती वीतभर. म्हणजे दिवसातून एकदा, घरातली एखादीच वस्तू, फार तर वीतभर सरकवता येईल. बस्स. ना आवाज, ना सावली, ना थंड वारा. मला कल्पना आवडली. लिफ्टसुद्धा वीतभर खाली थांबली तर माणूस धडपडतो. पण पुस्तक काही पुढे सरकेना. रोज दुपारी ती टेबलाशी बसायची आणि तोंड पाडून उठायची. "अहो, हे भूत फारच गरीब निघालं," मला म्हणाली. "ते रोज काही ना काही हलवतंय आणि घरातल्या कुणाच्या लक्षातच येत नाहीये. आता याचं करू काय?"

मी म्हटलं, "नोकरीला लाव."

त्याच सुमाराला आई बदलली. आधी चहा बंद केला. म्हणजे पिणं नाही, करणं. गॅसजवळ जाईचना. "तूच टाक ग," म्हणायची सुनेला. मग शिवणं बंद. खालच्या मजल्यावरची मुलगी परकर... नाही, पडदे घेऊन आली होती नुसत्या कडा दुमडायला, तिला आईनं परत पाठवलं. आई! जी तापातसुद्धा बटणं लावत बसायची! बाजारात एकटी जायची, ते थांबलं. आणि एक नवीनच खोड लागली. मी जेवायला बसलो की समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. घास घशाखाली उतरेना. "काय बघतेस ग?" तर म्हणे, "काही नाही. जेव."

एका दुपारी मी दोन कामांच्या मधल्या वेळात घरी आलो. बायको अजून दुकानात होती. आईनं मला गॅलरीत बोलावलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "मला डॉक्टरकडे ने. मला ताईसारखं व्हायला लागलंय."

ताई म्हणजे माझी मावशी. आईची मोठी बहीण. तिची स्मृती गेली होती. एकदम नाही, हळूहळू. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी ती पोटच्या मुलाला नळ दुरुस्त करायला आलेला माणूस समजायची आणि त्याला स्वयंपाकघरातली गळती दाखवायची. आईनं ते सगळं जवळून बघितलेलं. तिची उशाशी बसून सेवा केलेली.

"अग, काहीतरीच काय!" मी म्हटलं. "चष्मा विसरतेस म्हणून लगेच..."

"चष्म्याचं नाही रे. मी वस्तू ठेवते एकीकडे आणि त्या असतात दुसरीकडे. रोज. रोज एक तरी. मला आठवतं ते वेगळंच असतं आणि समोर वेगळंच." मग माझा हात धरून म्हणाली, "हिला सांगू नकोस. तिचं पुस्तक अडलंय. आणखी माझं ओझं नको."

मला भीती वाटली. लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वर लटकलेला डबा बघताना वाटली नाही, एवढी वाटली. मी आईला म्हटलं सगळं ठीक होईल, आणि कामावर जाऊन एका स्क्रूवर उगाच चिडत बसलो.

आता मला काही पोटात ठेवता येत नाही. डॉक्टरकडे जायच्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर बायकोनं नुसतं विचारलं, "आज चांगला शर्ट कुठे निघाला?" आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा शाळेत नापास झालोय. पण बायको उठली, आईला मिठी मारली आणि रडायलाच लागली. "मी येते," म्हणाली. "दुकान गेलं खड्ड्यात. मी येते बरोबर." दुकानात फोन करून चक्क खोटं बोलली. मला त्या क्षणी तिच्याबद्दल फार बरं वाटलं. ते काही फार वेळ टिकलं नाही, सांगतो.

डॉक्टरीण तरुण होती, पण घाई नसलेली. आईला समोर बसवून तिनं बराच वेळ घेतला. शब्द सांगितले, मध्येच इकडचं तिकडचं बोलली, मग तेच शब्द परत विचारले. आईनं सांगितले, वर डॉक्टरणीनं ते कुठल्या क्रमानं सांगितले होते तेही सांगितलं. घड्याळ काढायला लावलं. आईनं असं गोल काढलं की कंपास लाजावा. उलटं मोजायला लावलं. मी बाजूला बसून मनात मोजत होतो, मी चुकलो, आई नाही चुकली.

डॉक्टरीण हसली. "आजी, तुमची स्मरणशक्ती अगदी उत्तम आहे. तुम्हाला असं का वाटलं?"

आईला राग आला. तुम्ही म्हणाल जीव भांड्यात पडायला हवा होता, तर नाही, राग आला. "अहो, उत्तम कशी? साखरेचा डबा मी चहाच्या डब्याला लावून ठेवते, तो मधे वीतभर जागा सोडून असतो. माझी कात्री मशीनच्या उजवीकडे असते, ती त्या दिवशी मागच्या बाजूला. खिडकीतली कुंडी कोपऱ्यात होती, ती वीतभर मधे आली. आरसा खाली घेतलेला होता, मला कपाळच दिसेना. ह्याचे बूट," माझ्याकडे बोट, "दाराला खेटून असतात, ते वीतभर अलीकडे. हा तसाच पाय घालून निघून गेला. म्हणजे ह्याच्या दृष्टीनं ते तिथेच होते. मग चुकलं कोण? मीच ना? का आमच्याकडे भुतं येऊन वस्तू हलवतात?"

डॉक्टरीण काही बोलणार तेवढ्यात माझं लक्ष बायकोकडे गेलं. चेहरा पांढराफटक.

"आई," ती म्हणाली. "आई, ते मी."

"काय तू?"

"मी हलवत होते. पुस्तकासाठी. एवढं हललं तर माणसाला कळतं का ते बघायचं होतं. सांगून केलं असतं तर तुम्ही मुद्दाम लक्ष ठेवलं असतं, म्हणून नाही सांगितलं. ह्यांच्या काही लक्षात आलं नाही. तुम्ही पण काही बोलला नाहीत. मला वाटलं तुमच्याही लक्षात येत नाहीये. म्हणून मी आणखी..."

"कात्री पण?"

"कात्री पण."

"आणि कुंडी?"

"मीच."

"चष्मा?"

"नाही हो, चष्म्याला मी हात नाही लावला. शप्पथ."

आईनं जरा विचार केला. "चष्मा मी आधीपासूनच विसरते," ती डॉक्टरणीला म्हणाली, "ते सोडा."

डॉक्टरीण खाली मान घालून कागद नीट करायला लागली, पण तिचे खांदे हलत होते. मला काही हसू येत नव्हतं. बाहेर आल्या आल्या मी बायकोवर असा उखडलो की बाकावर बसलेले पेशंट वळून बघायला लागले. माझी आई! पाण्यात पडलेल्या माणसासारखी घरात वावरत होती आणि ही बाई डबे सरकवतेय! बायको नुसती उभी राहून ऐकत होती, आणि डोळ्यांतून धारा.

"ए, तू गप्प बस," आई मला म्हणाली. "तुला तर तुझे बूट कळले नाहीत."

टॅक्सीनं घरी निघालो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, त्या दोघी मागे. घरी आल्यावर आई सरळ जाऊन आडवी झाली आणि झोपली. भर दुपारी. आणि काय घोरली! भिंती हलतील असं. तिची झोपच उडाली होती म्हणे इतके दिवस, हेही आम्हाला नंतर कळलं. बायको खोलीबाहेर जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यावर अजून चिडलेलो, पण आतून ते घोरणं ऐकू आलं की दोघांनाही बरं वाटायचं. मध्येच ते थांबलं तर दोघंही दाराकडे बघायचो. परत सुरू झालं की मी म्हणायचो, "हां." शेवटी मीही तिच्याशेजारी खाली बसलो. काय करता?

ऊन कलल्यावर आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि गॅस पेटवला. स्वतः. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साखर घालताना तिनं डबा उचलला, चहाच्या डब्याला चांगला खेटवून ठेवला आणि सुनेकडे बघितलं. सुनेनं मान खाली घातली.

तिघं टेबलाशी बसलो. आईनं पहिला घोट घेतला आणि विचारलं, "तुझ्या त्या भुताचं काय?"

"काढून टाकते सगळं," बायको म्हणाली. "ते पुस्तक नकोच."

"का? त्यानं काय केलं? हलवलंस तू." आई चहावर फुंकर मारत म्हणाली. "त्या घरात म्हातारी आहे?"

"आहे."

"तिचं काय म्हणणं?"

"काही नाही. तिच्या लक्षात येत नाही."

"येतं ग," आई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून येतं. घरातलं काय कुठे असतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण ती बोलत नाही. बोलली की खरं होईल ना. मग ती हळूहळू एकेक काम सोडते. गॅस सोडते, न जाणो चालू राहिला तर. बाजार सोडते, न जाणो रस्ता चुकला तर. मूग गिळून बसते आणि घरातल्यांना वाटतं म्हातारी आता आळशी झाली." माझ्याकडे न बघता ती पुढे म्हणाली, "आणि मुलगा जेवायला बसला की त्याचं तोंड पाठ करते."

मी कप खाली ठेवला. बायको एकदम ताठ बसली होती. ओळखतो मी तिला. घर सापडलं की ती अशी बसते. लाज, रडू सगळं होतं तसंच होतं, पण कान टवकारलेले.

"बाई ग," ती म्हणाली, "म्हणजे ते भूत तिला हळूहळू संपवतंय. आणि त्याला माहीतच नाही."

"त्याला सांग."

"मग ते थांबेल. हलवायचं बंद करेल."

"थांबून काय उपयोग? तिला कसं कळणार की ती बरी आहे? ती म्हणेल, आज नाही झालं, उद्या होईल. त्यानं येऊन सांगायला पाहिजे की बाई, ते मी करत होतो."

"त्याला बोलता येत नाही आई. नियम आहे."

"हिच्या नियमांना हात लावायचा नाही," मी मध्येच म्हटलं. खरं तर ते नियम माझ्यामुळेच आले होते, पण ते जाऊ दे.

आईनं टेबलाकडे बघितलं. मग आपली बशी बोटानं पुढे ढकलली. सावकाश. वीतभर.

"हे तर येतं ना त्याला? मग तिच्यासमोर करू दे. आतापर्यंत ती नसताना हलवतंय. ती बघत असताना हलवू दे. तिच्या डोळ्यांदेखत."

बायकोनं आधी आईकडे बघितलं, मग बशीकडे, आणि चहा तसाच टाकून उठली.

त्यानंतर ती किती दिवस टेबलाशी होती ते विचारू नका. घरात मी जेवण बनवलं, आईनं पडद्यांच्या कडा दुमडल्या, आणि माझे बूट जिथल्या तिथे राहिले. आता मीसुद्धा बघायला लागलोय ना! एका सुट्टीच्या सकाळी ती कागद घेऊन बाहेर आली. आम्हाला दोघांना सोफ्यावर बसवलं आणि वाचायला लागली.

पुस्तकातली म्हातारी स्वयंपाकघरात एकटी बसलेली आहे. आपली बॅग भरून. मुलाला त्रास नको म्हणून ती आज कुठेतरी निघून जाणार आहे. समोर रिकाम्या टेबलावर एक वाटी आहे. आणि भुतानं आजची सगळी ताकद राखून ठेवलीय. ते तिनं वर बघण्याची वाट बघतंय. म्हातारी वर बघते. वाटी हलते. कुणी हात न लावता ती टेबलावरून सरकत येते, वीतभर, आणि थांबते. मी इतकी वर्षं हिची पुस्तकं वाचतोय. अशा जागी माणूस किंचाळतो, दार आपटतो, जिन्यावरून पडतो. ही म्हातारी वाटीकडे बघत राहते. मग ती छातीवर हात ठेवते आणि म्हणते, "म्हणजे मी नाही. अग बाई, मी नाही!" आणि त्या रिकाम्या खोलीला दोन्ही हात जोडते.

माझ्या शेजारी आई रडायला लागली. गॅलरीत नाही रडली, डॉक्टरकडे नाही रडली, ती आता तोंडावर रुमाल धरून हमसून हमसून रडत होती. बायको वाचायची थांबली. मी आईच्या पाठीवर हात ठेवला. "अग, झालं ना आता. तू ठणठणीत आहेस."

"माहितीये रे," ती म्हणाली. "सुटले म्हणून रडतेय. मला वाटलं होतं, एक दिवस तू दारातून आत येशील आणि मी तुला विचारीन, कोण पाहिजे आपल्याला?"

मी तिचा हात धरून बसलो. तिनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि सुनेला म्हणाली, "वाच ग पुढे. तिनं बॅग रिकामी केली का?"